कसर

साकोलीच्या कोर्टात तेवीस वर्षं टायपिंग केलं.
स्वल्पविरामाची कळ आधी झिजली,
मग माझं बोट.

निस्तारपत्रकाचं कलम अकरा असं होतं:
ढिवरांस मासे व शिंगाडे व कमळकंद खाण्यापुरते
तलावातून काढण्यास मोकळीक.
शिंगाडे या शब्दापाशी एक ठिपका,
खाली किंचित शेपूट.
शेपूट धरलं तर मासे बाजारात न्यायला मोकळे,
खाण्यापुरते फक्त कमळकंद.
सोडलं, तर सयत्रा नान्हेची टोपली
लाखनीच्या वाटेवर चोरीची.

ठेकेदाराचे हरडे वकील उभे राहिले.
विरामचिन्ह हा कायद्याचा भाग नाही, महाराज.
शब्द कायदा करणाऱ्याचे,
ठिपके नकला करणाऱ्याचे.
जज्जसाहेब म्हणाले, बरोबर आहे,
आणि नाझराकडून भिंग मागवलं.

मूळ कागद मोडीत.
तिथं लेखणी या काठाहून त्या काठाला
न उचलता गेलेली, डोंग्यासारखी.
ठिपका होता तो बाळबोध नकलेत,
नक्कल कुणाची त्याचं नाव नाही.
मी पान खिडकीशी धरलं
तर ठिपक्यातून ऊन आलं
माझ्या मनगटावर, मोहरीएवढं.
कसर.
किड्यालाही तेच म्हणतात,
जे कमी पडतं त्यालाही.

हरडे हसले. चिन्ह नाही हो, भोक आहे.
सयत्राबाईची वकील पोरगी, पहिलीच केस तिची,
बसल्या बसल्याच म्हणाली,
एवढं कोरं पान सोडून
किड्यानं नेमकं इथंच का खाल्लं?
इथं शाई होती का?

मग दसाराम वालदे, वय ऐंशी, बाप कोतवाल.
बापाला अक्षर येत नव्हतं, कलम पाठ होतं.
दरसाल पाणी उतरलं की
पारावर उभा राहून दवंडी द्यायचा.
कशी, ते सांगा.
म्हाताऱ्यानं डोळे मिटले:
ढिवरांस मासे व शिंगाडे
आणि कठड्यावर तळहात मारला, एकदाच,
डफडं नव्हतं म्हणून
मग श्वास घेतला, मग कमळकंद.
पंखा फिरत होता. कुणी खोकललं नाही.

लिहून घ्या, साहेब म्हणाले.
माझ्या मशीनवर त्या थापेची कळ नाही.
मी कंस उघडला:
(येथे साक्षीदाराने कठड्यावर एकदा हात मारला.)
हरड्यांची हरकत: हात हा पुरावा नव्हे.
हरकतही टाइप केली. पुढची तारीख पडली,
धानकापणीनंतरची.

पायऱ्यांवर सयत्राबाईनं रिकामी टोपली
एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली.
बाबू, थे थाप लिवली का जी?
लिवली, मी म्हटलं.

संध्याकाळी कार्बनच्या प्रती लावत होतो.
पहिल्या प्रतीत कंस ठसठशीत,
दुसरीत फिका,
तिसरीत पाण्यातल्या जाळ्याचा धागा जेवढा दिसतो
तेवढा.
पक्षकाराला तिसरी मिळते.
मी पेन्सिल काढली, टोक केलं,
आणि मग बराच वेळ तशीच हातात धरून बसलो