मौजे तिवरखोल

पूर्वेस कातळ. पश्चिमेस समुद्र.
दक्षिणेस खाडी, तिचं तोंड दर वीसेक वर्षांनी सरकतं.
उत्तरेस एक वहाळ, आणि वहाळापलीकडे शेजारचं गाव,
जे म्हणतं, वहाळ आमचा.

तालुक्याहून मी मोजणीला आले.
सोबत यंत्र, तिपाई, शिपाई
आणि सत्त्याण्णव वर्षांचा नकाशा, कापडावर डकवलेला.
दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात
तिथेच नेमकी मशीद, आणि तिथेच भैरीचं देऊळ.
दोघांना मिळून एकच भोक पडलंय.

सुरुवात कातळावरून.
वर काही उगवत नाही म्हणतात, ते खोटं.
भाद्रपदात तिथे नखाएवढी निळी फुलं येतात
आणि वर्षभर एक मासा असतो,
जांभ्यात कोरलेला, सव्वादोन वाव लांब, शेपटी समुद्राकडे.
कुणी कोरला?
धोंडू गोणबरे म्हणाले, "पांडवांनी. आमाला कुठं येळ होता?"

इतिहास म्हणून हाती लागलं ते इतकंच:
गलबतं लागायची. मीठ जायचं, कौलं यायची.
फिरंग्यांनी एकदा जाळलं, सिद्दीनं एकदा.
मग आगबोट.
ती धक्क्याला कधी आलीच नाही.
लांब उभी राहून भोंगा द्यायची,
पडावातून माणसं तिच्याकडे जायची, ट्रंका डोक्यावर,
आणि महिन्याच्या दहा तारखेला
मनिऑर्डर होऊन परत यायची.

शिरगणतीची पानं उलटली:
सहाशे बारा. पाचशे चाळीस, ते तापाचं साल.
पाचशे एकाहत्तर. तीनशे नऊ.
यंदा एकशे शहाऐंशी.
कुलपं त्र्याण्णव.
कुलपांना रकाना नाही. मी समासात लिहिली.

सर्व्हे नंबर एक्केचाळीस ते सत्तावन्न: खाजण.
बांध फुटला त्याला छत्तीस वर्षं झाली.
आता तिथे तिवरं, चिंबोऱ्या, आणि कमरेइतकं पाणी.
सातबाऱ्यावर अजून भात आहे.
हमजा मुकादम दरसाल सारा भरतात,
पावत्या डब्यात ठेवतात, बिस्किटांच्या.
"पाणी काय, आज आहे," ते म्हणाले.
"जमीन खालीच आहे ना?"
मी यंत्राकडे पाहिलं. यंत्राला खालचं दिसत नाही.

नंबर बारा, गावठाण. शनवार तेल्यांची दोन घरं.
घरं नाहीत. जोत्यावर रायवळ आंबा.
घाणीचा दगड विहिरीपाशी,
त्यावर सुगंधा भाटकर धुणं आपटते.

हे लिहीत होते तेव्हाच ती बाई आली,
रिक्षानं, टोपी घालून, गुडघे धरत उतरली.
दिव्होरा तिवरखोलकर, राहणार दिमोना.
तिकडे वाळवंट आहे म्हणाली.
तिचं मराठी जुनं, धुऊन वाळत घातल्यासारखं.
"आम्ही कोठे राहत असू, बाई?"

मी तिला अक्षांश दिले, रेखांश दिले,
सहा दशांश स्थळांपर्यंत.
तिनं ते कागदावर उतरून घेतले, आणि तरी उभीच.
मग दगडापाशी गेली. हात फिरवला.
मधल्या खळग्यात साबणाचं पाणी साचलं होतं.
सुगंधानं पिळा तसाच धरून विचारलं,
"नेतंस की काय गो? मग मी धुऊ खयं?"
आणि दोघी हसल्या, मला कारण कळलं नाही.

नावाच्या व्युत्पत्तीचा रकाना शेवटी आहे.
तिवरांची खोल जागा, म्हणून तिवरखोल. हे मी लिहिलं.
एका वाळवंटी गावात
दाराच्या पाटीवर, वीजबिलावर, शाळेच्या हजेरीत
खाजणाचं नाव रोज हाकारलं जातं,
हे कुठे लिहावं ते कळेना.

संध्याकाळी वहाळाच्या मुखाशी सीमेची शेवटची खुंटी ठोकली.
दोन्ही गावांचे पंच हजर. सह्या झाल्या.
चहा होईतो भरती आली.

शेरा: खुंटी क्रमांक नऊ जागेवर नाही.
उद्या पुन्हा.