गळती

अठरा हजार ग्रह केले मी
नाशिकच्या सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर,
कुरकुरत्या पंख्याखाली, तीन वर्षांत.
खरं तर मी नाही, सूत्राने केले.
एक आकडा पेरायचा,
की डोंगर, दऱ्या, वायू, दोन-दोन चंद्र
आपोआप.
एकासारखा दुसरा नाही.
आणि चौथ्या ग्रहावरच
माणसं जांभया द्यायची.

म्हणून बाण लावले. पिवळे, लुकलुकणारे.
इथे अवशेष. इथे खनिज. इथे बघण्यासारखं.
चाचणीला बसलेली पोरं बाणामागून गेली
वाण्याकडे पाठवल्यासारखी,
यादी संपली तशी
पिशवी ठेवून घरी.

शाल्मली, जी आमच्या खेळाचे आवाज करते,
म्हणाली, बक्षिसं वाढव.
वाढवली.
मग आकाशाकडे कोणी बघेचना,
सगळे कोपऱ्यातल्या आकड्याकडे.

खाली कचरू गांगुर्डे राहतात, नाना,
महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त.
टाकी वाहतेय हे सांगायला वर आले
आणि स्क्रीनपुढे थबकले.
म्हटलं, अंतराळ आहे, बसा, चालवून बघा.
त्यांनी यान धरलं
जुन्या स्कूटरच्या हँडलसारखं.
दहा मिनिटांनी विचारलं,
"हा बाण बंद होतो का?"

मग दहीपुलावरची एक रात्र सांगितली.
जमिनीखाली नळ फुटलेला,
वर ओल नाही, डबकं नाही,
पाणी आपल्या वाटेने कुणाच्या तरी तळघरात.
नकाशा साहेबाच्या कपाटात,
किल्ली साहेबाबरोबर रजेवर.
हातात एक लोखंडी कांब,
एक टोक रस्त्याला, एक कानाला.
शेवटची रिक्षा गेली पाहिजे,
कुत्री निजली पाहिजेत,
स्वतःचा श्वाससुद्धा आवरायचा.
"मग काय ऐकू येतं?"
"आधी काहीच नाही," नाना म्हणाले.
"पण ते निराळंच काहीच नाही असतं."

चार पावलं तिवंध्याकडे, मंद.
चार पावलं मागे, जरासं जास्त.
भद्रकालीच्या बाजूला दगड खोटं बोलतो,
आवाज भलतीकडे पळवतो.
तीन खड्डे कोरडे निघाले.
चौथ्यात हात ओला.
"तो हात मी पुसला नाही हो.
तसाच घेऊन घरी आलो."

त्या रात्री मी बाण काढले,
अठरा हजार ग्रहांवरून, एका ओळीत.
आणि नियम लिहिला:
इंजिन चालू असेपर्यंत ग्रह बोलणार नाही.
बंद केलं की यान वाहत जातं,
थंडी आत शिरते, हवा कमी होते.
कुठवर थांबायचं, ज्याचं त्याने ठरवावं.

नानांची कांब अजून दारामागे होती.
शाल्मलीने तिला माइक बांधला,
पहाटे गंगापूर रोडच्या मुख्य वाहिनीवर टेकवला.
आता सगळ्या ग्रहांच्या पोटात
नाशिकचं पाणी वाजतं.
म्हणजे सगळ्या नाही.
बऱ्याच ग्रहांत मी मुद्दाम काहीच ठेवलं नाही.
शाल्मलीशी यावरून भांडण झालं,
अजून मिटलेलं नाही.

रविवारी उमैर आला चाचणीला,
भद्रकालीचाच, अकरावीतला.
एका करड्या ग्रहापाशी इंजिन बंद करून
बसला तो बसलाच.
पाच मिनिटं. नऊ.
तो ग्रह भरलेला की रिकामा,
माझ्याही लक्षात नव्हतं.
मला वाटलं, खेळ अडकला.
उठून जवळ गेले
तर त्याने मागे न बघता
हात वर केला:
थांबा.

खालून नाना ओरडत होते, टाकी, टाकी.
कोणीच उठलं नाही.