गृहीत

अटलांटाहून आलेल्या पोरानं
लॅपटॉप आत्याकडे फिरवला.
पडद्यावर आमचा मतदारसंघ,
आणि दक्षिणेचा तुकडा, नदीपासून कोंबड्यांच्या कारखान्यापर्यंत,
गडद निळा.
"हे सेफ," जॅरड म्हणाला. "एक्याण्णव टक्के आपलेच.
पैसा उत्तरेला घालू, नव्या कॉलन्यांत,
तिथल्या लोकांचं अजून ठरायचंय."

पोरगा आपलाच, आपल्याच रंगाचा,
कडक इस्त्रीचा, आत्याला मॅम म्हणणारा.
म्हणून ती एवढंच बोलली:
"सेफ म्हणजे तिजोरीतलं ना रे?
कुलूप लावायचं
आणि चार वर्षांनी किल्ली शोधायची."

मग टेबलाखालून तिनं बुटांचं खोकं काढलं.
पुरुषी बूट, अकरा नंबर. आतोबांचे असणार.
आत कार्डं, माणशी एक, पेन्सिलीनं लिहिलेली.
ऑलिन टिब्स: जिना उतरवत नाही, मागच्या दारानं.
ड्रुसिला पेटवे: ओळखपत्रावर जुनं आडनाव, आधी कचेरीत न्या.
मिसेस मॅकॅफी: कुत्रा चावतो, दोनदा हॉर्न.
थॅडियस ग्रूम्स: डायलिसिस, मंगळ-गुरू-शनि.

"मतदान कधी असतं?" आत्यानं विचारलं.
"मंगळवारी."
"असे माझ्याकडे तेवीस आहेत.
त्यांना आधीच्या सोमवारी न्यायचं.
रविवारी अंगात त्राण नसतं, सोमवारी जरा हसतात.
तुझ्या निळ्यात हे कुठं दिसतं, दाखव."

तिनं दुसरी व्हॅन मागितली. भाड्याची, तीन आठवडे.
जॅरडनं टिपून घेतलं.
टिपून घेणं त्याला छान जमायचं.

उमेदवार आमची रेनेल बोफर्ड,
शाळेत बँड शिकवणारी, ट्रॉम्बोनच्या आवाजात बोलणारी.
उत्तरेच्या पत्रकांवर
शाळेची इमारत मोठी, रेनेल लहान.
दक्षिणेकडे पत्रकंच आली नाहीत.
आम्हाला तिचा चेहरा माहीतच होता, म्हणे.

आजोबांची गोष्ट आत्या कधी पुरती सांगत नाही.
एवढंच, की ते नाव नोंदवायला गेले
तेव्हा क्लार्कनं घड्याळ पाहिलं: जेवणाची सुट्टी.
दुसऱ्यांदा गेले, सुट्टी.
पिकनच्या बागेतली मजुरी बुडवून
अकरा खेपा. तीन वर्षं तो माणूस जेवत होता.
बाराव्या खेपेला आजोबा डबा घेऊन गेले
आणि त्याच्या खिडकीसमोर बसून
हळूहळू जेवले.

पुढं काय झालं विचारलं
की आत्या उठून भांडी घासायला लागते.

मंगळवारी पहाटे साडेपाचला मी चर्चची व्हॅन काढली.
सीट पंधरा, त्यातली एक पट्ट्यानं बांधलेली.
मतदान केंद्र शाळेतून हललं होतं
नऊ मैलांवर, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये.
रांगेत खुर्च्या नव्हत्या. आत्यानं आणल्या,
चर्चच्या, घडीच्या, पाठीवर दात्यांची नावं असलेल्या.
चौदा खेपा केल्या. पंधरावीला निघालो
तर वाटेत मालगाडी आडवी. डबे मोजत बसलो.
एकशे बारा.
पोचलो तेव्हा शेडचं शटर खाली,
आणि व्हॅनमध्ये बसलेल्यांपैकी कुणीच
मला काही बोललं नाही.

रेनेल पडली. एकोणीस मतांनी.
लोक म्हणतात ना, एकोणीस-वीसचा फरक,
तसा.

रात्री जॅरडचा फोन. आवाज बसलेला.
मॉडेल कुठं चुकलं ते तो शोधतोय,
उत्तरेला तर अपेक्षेपेक्षा जास्त मिळाली होती.
आत्या ऐकत राहिली. मध्येच मला म्हणाली,
"पंधरा सीटची ना रे आपली?"
"पंधरा."
"म्हणजे एक खेप, आणि वर चार."
हे तिनं फोनवर हात ठेवून विचारलं होतं.
त्याला म्हणाली, "जेव काहीतरी. झोप."

मग खोकं ओढलं.
वर्षभरात गेलेल्यांची कार्डं ती फेकत नाही,
मागे सरकवते, तेवढं केलं.
एक कोरं कार्ड घेतलं, पेन्सिलीला टोक केलं.
मी खांद्यावरून वाचलं:

जॅरड व्हिटलो, अटलांटा.
पोरगा वाईट नाही.
पुढच्या वेळी व्हॅनमध्ये पुढं बसवावा.
दोनदा हॉर्न.