विषांच्या नोंदवहीतलं नाव

रॉयस्टनच्या हाय स्ट्रीटवरचं माझं औषधांचं दुकान
माझ्याआधी चार जणांचं होतं.
त्यांची विषांची नोंदवही माळ्यावर अजून आहे,
चामड्याच्या पाठीची, उंदरांनी कोपरे चाखलेली.
तिच्यात एका जुन्या ऑगस्टात, जांभळ्या शाईने :
सायनाइड, अर्धा औंस.
घेणारा – एडविन थर्लो, शाळकरी.
ओळख देणारा – हेडमास्तर.
कारण – फुलपाखरं.

ते पान मी त्यांना दाखवलं तेव्हा
ते ऐंशी ओलांडलेले,
रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले.
चष्मा कपाळावर सरकवून वाचत राहिले.
"अक्षर बरं होतं माझं," एवढंच म्हणाले.
मग दाराशी थांबून :
"शेवटचा रकाना मात्र चुकलाय.
कारण मी होतो."

त्यांच्या घरी महोगनीचे बत्तीस खण,
उघडला की डांबरगोळ्यांचा वास नाकात.
खडूच्या टेकडीवरचे निळे,
एकसारखे वाटणारे, आणि एकही दुसऱ्यासारखा नसलेला.
प्रत्येकाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत
गाव, तारीख, वारा कुठून होता ते.
केंब्रिजहून माणसं यायची ते बघायला,
देवघरात बोलावं तशी हळू बोलायची.
हे आपले चहात बिस्किट बुडवत
त्यांच्या चुका दुरुस्त करायचे.

मला विचारलं होतं, तुमच्यात काय म्हणतात?
म्हटलं, फुलपाखरू. फुलाचं पाखरू.
तो नाही, ती नाही. ते.
तीनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा 'ख' जमला.
"आणि आम्ही म्हणतो लोण्याची माशी," म्हणाले,
"खाणावळीतलं नाव."

नोंदवहीत आणखी पुढे, एका कोरड्या उन्हाळ्यात,
पुन्हा तेच नाव.
माळ करपला होता त्या वर्षी,
दिवसभरात अकरा मोजले, अकराच.
बरणी परत, उरलेल्या विषासकट. सही.
तेव्हापासून दर बुधवारी
त्याच पायवाटेने, त्याच चालीने
नुसते मोजत गेले.
खिशात माझ्या दुकानातल्या रिकाम्या गोळ्यांच्या डब्या :
धरायचं, बघायचं, सोडायचं.

फेब्रुवारीत त्यांना निरोप दिला.
चर्चमध्ये सकाळपासून हीटर लावलेले,
आणि दुसऱ्या प्रार्थनेच्या मध्यावर
कासवपाठी रंगाचं एक फुलपाखरू
तुळईवरून उतरलं, खिडकीच्या काचेवर आपटत राहिलं.
सगळ्यांचे डोळे भरले.
पुढच्या बाकावरची बाई म्हणाली, एडविनच आहे हा.

मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला :
कसला एडविन! हीटरनं जागं झालंय ते.
बाहेर बर्फ, फूल एक नाही, उपाशी मरेल.
कुणीतरी धरा त्याला.

कुणी उठलं नाही. मी उठले.
पर्समध्ये डबी होती.
काळ्या कोटांच्या रांगेसमोर, स्टुलावर चढून
मी त्याला आत घेतलं,
लोक माझ्याकडे कसे बघत होते ते सांगत नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत, माझ्या छोट्या फ्रिजात,
मेथीच्या भाजीच्या डब्याशेजारी
ते पाच आठवडे झोपलं.
रोज जेवताना मी झाकणाला कान लावायची.
ऐकू काय येणार होतं, माहीत नाही.

मार्चात एक दिवस बरं ऊन पडलं.
मागच्या पायरीवर डबी उघडली.
बराच वेळ काहीच नाही.
मग पाय हलले, मग ते अंगठ्यावर आलं,
एक पंख कडेला फाटका,
त्या धगेत थरथरत बसलं,
आणि कचऱ्याच्या पेट्यांवरून
सुपरमार्केटच्या पार्किंगकडे गेलं.
माळाकडे नाही.

माळ्यावर जाऊन मी नोंदवही काढली.
शेवटचं पान अर्धं कोरं होतं.
नग – एक. फुलपाखरू. सोडलं.
घेणारा – इथे पेन थांबलं, रकाना तसाच राहिला.
कारण – बुधवार.