दुसरा 'आर'

प्लिमथ, १९४९

याआधी मी मासळीबाजारात पाट्या रंगवायचो.
बांगडा, कॉड, ताजे खेकडे, उधारी बंद.
मग ठाण्यातून माणूस आला,
म्हणाला, अक्षर वळणदार आहे तुमचं,
युद्धात गेलेल्या आमच्या पोलिसांची नावं लिहायची आहेत,
वासराच्या कातड्यावर. कायमची.

'कायमची' म्हणताना त्याने आवाज उतरवला,
आत कुणी आजारी झोपलं असावं तसा.

कातड्याला दोन बाजू असतात.
केसांची बाजू किंचित पिवळी, शाई धरून ठेवते.
मांसाची मऊ, तिथे शाई फुटते.
हे हाताला कळेपर्यंत चार पानं वाया गेली.
चार पानं म्हणजे चार वासरं नव्हेत,
पण हिशेब मनात तसाच झाला.

यादी टंकलेली. सतरा नावं.
हुद्दा, बिल्ला क्रमांक, तारीख.
कोण कुठे, काय करताना, त्याला रकाना नव्हता.
बॉवरमन ढिगाऱ्यात सापडला तेव्हा
दाराची मूठ हातात होती, दार कुठेच नव्हतं,
हे मला खेकडेवालीकडून कळलं.

अकराव्या नावापुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह.
हेडली नँकॅरो. पाळी दोनला संपलेली,
बॉम्ब अडीचला पडला.
मग कामावर होता, असं म्हणायचं का?
साहेब म्हणाले, बघू.
महिनाभर बघतच राहिले.
एका सोमवारी मी लिहून टाकलं.
पुसा म्हणायला कुणी आलं नाही.

आली ती ओलिव्ह नँकॅरो.
पुस्तक काचेखाली गेल्याच्या सहाव्या दिवशी.
रोज एक पान उलटतात, पानावर दोन नावं,
त्या दिवशी त्याचं होतं.
तिने पिशवीतून कोबी काढला
आणि कोबीखालून खिशात मावेल एवढी काळी वही.

शेवटचं पान. शिसपेन्सिल. अक्षर बेतास बात.

१.१५  खानावळीचं मागचं दार उघडं. मालकाला उठवलं.
१.४०  कुत्रा, बेवारस. सोडला.
२.१०  घर नंबर नऊ, वरची खिडकी. उजेड दिसतो. समज दिली.

गोदी पेटली होती तेव्हा.
रस्त्यात उभं राहून वर्तमानपत्र वाचता यावं
इतका लख्ख उजेड शहरभर,
आणि हा माणूस घरी जायचं सोडून
कुणाच्या तरी मेणबत्तीपायी
तीन जिने चढला.

मी म्हणालो, बाई, ही वही साहेबांना दाखवा,
ते प्रश्नचिन्ह मिटेल.
कसलं प्रश्नचिन्ह? ती म्हणाली.
मी गप्प बसलो.
तिने काचेवर बोट ठेवलं.
'मी याच्यासाठी आलेय.
आमच्या नावात दोन 'आर' आहेत,
तुम्ही एकच लिहिलाय.
त्याला चालायचं नाही ते. दोन, दोन म्हणायचा.
पाववाल्याला सुद्धा समज दिली होती.'

यादीतच एक होता, असं मी म्हणू शकलो असतो.

कागद असता तर फाडला असता.
कातडं खरवडता येतं. पातं आडवं धरायचं,
श्वास रोखायचा, घाई केली की भोक पडतं.
ती उभीच होती, कोबी कुशीत धरून,
आणि मधूनच म्हणाली, सावकाश होऊ दे, मला बस साडेपाचची आहे.
शेवटची दोन अक्षरं काढली, तीन बसवली,
दाटीवाटीने, समासात थोडं घुसून.
तिने वाकून मोजली. बोट लावून, एकेक.
मग वही पिशवीत, वहीवर कोबी.

आता वरून पाहिलं तर काही कळत नाही.
पण सकाळी रखवालदार पान उलटायला घेतो,
पान हवेत उभं राहतं, पूर्वेच्या खिडकीसमोर,
तेव्हा अकराव्या नावाच्या शेवटी
जिथे मी खरवडलं, कातडं पातळ झालंय, तिथून

उजेड दिसतो.
अजून तरी कुणी समज दिलेली नाही.