नियम चौथा

मोठ्या पाकिटात छोटं पाकीट.
छोट्यावर टोपणनाव, आत खरं नाव,
आणि ते घट्ट चिकटवलेलं.
नियम चौथा. दर वर्षी मीच टाइप करते,
मीच लावते पोस्टाच्या काचेवर
मेंढ्यांच्या लिलावाशेजारी,
आणि कविता स्वीकारतेही मीच, कारण
आमच्या खोऱ्यातल्या आइस्तेदवोदची चिटणीस
आणि पोस्टातली बाई
ही एकच बाई आहे.

गुपित ठेवायचं म्हणजे काय ठेवायचं?
ज्याचा पाच पेन्शनच्या पावतीवर लंगडतो
त्याचा पाच पाकिटावरही लंगडतोच.
तेगवेनबाई तर कार्डिफच्या, डब्लिनच्या मासिकांनाही पाठवतात.
मी टपाल घेऊन गेले की दारातूनच विचारतात,
जाड आहे की पातळ?
जाड म्हणजे कविता घरी परत आली.
वीस वर्षांत मी त्यांना तीनदा पातळ दिलंय.
तिसऱ्यांदा ते विजेचं बिल होतं.

यंदाचा विषय होता 'फाटक'.
अंतिम मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.
पाचला पाच कमी असताना
इद्वल प्रोबर्टचा ट्रॅक्टर बाहेर धापा टाकत थांबला.
त्याने पाकीट पुढे केलं, तिकीट लावलेलं.
हातातच देतोयस, मग तिकीट कशाला?
"नियम असेल म्हटलं."
पाकिटाला मेंढ्यांच्या औषधाचा वास.
कोपऱ्यात टोपणनाव: टिटवी.

चॅपेलमागच्या खोलीत सत्तर माणसं, चहा गार.
सुतार ग्वीलिमने केलेली खुर्ची चादरीखाली.
परीक्षक अ‍ॅबरिस्टविथहून आले होते, दोन बस बदलून.
म्हणाले, अकरा कविता आल्या.
नऊ जणांनी फाटक छान रंगवलंय.
एक जण फाटक लावायलाच विसरला.
मग चष्मा पुसला आणि वाचलं:

*तू गेलीस त्या रात्री फाटक वाजलं नाही.*
*बिजागरीला तेल मीच घातलं होतं*
*सकाळी.*

कुणाचं तरी बाळ तेवढं रडत होतं.

तुतारी वाजली.
टिटवी, जिथे असशील तिथे उभी राहा.
कुणी उठेना.
पुन्हा तुतारी. या वेळी जरा फाटकीच.
शेवटून तिसऱ्या रांगेत इद्वल
वाकून बुटाची नाडी बांधत होता.
त्याच्या पायात गमबूट होते.

मग नियमाप्रमाणे छोटं पाकीट फोडायचं.
मी फोडलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचलं:
दोन बॅटऱ्या.
मेंढीचं जंताचं औषध.
पाव, लहान.

हशा पिकला. अध्यक्ष लाल झाले.
जंताचं औषध काय, अख्खं खोरं आणतं.
परीक्षक हळूच म्हणाले, नाव नाही तर खुर्ची नाही.
खाली '५ तारखेच्या आत' असं लिहिलं होतं.
तो पाच मी पाहिला.
चिठ्ठीची घडी घातली
आणि तोंड मिटलं, पाकिटासारखं.

सोमवारी तो आला.
वजनकाट्याकडे बघत म्हणाला,
"परवा गंमत झाली. औषधवाल्याला यादी दिली,
तर तो विचारतो, इद्वल प्रोबर्ट, हे किती मिली?"
मी हसले. तोही हसला, थोडा उशिरा.
नाव बरोबर पाकिटात असतं
तर उठला असतास का, हे विचारायचं होतं.
विचारलं, पाव लहानच ना?
"लहानच."

जाताना काचेपाशी रेंगाळला.
पलीकडच्या खोऱ्याची नवी जाहिरात:
विषय 'पाहुणे', चाळीस ओळी, शुल्क नाही.
वाचता वाचता ओठ हलत होते,
बहुधा ओळी मोजत होता.
परत आला. दोन तिकिटं घेतली.

खुर्ची अजून माझ्या गाडीत मागे आहे,
वळणावर कुरकुरते.
रोज टपाल टाकायला त्याच्या वाटेने जाते,
उतरते, फाटक ढकलते.
केवढ्याने ओरडतं ते!
लांब शेडमधून तो मान वर करून बघतो
कोण आलं.
हल्ली तेल घालत नाही.