रकाना सातवा : नाते

तक्रार होती, मुलं राबतात.
आरेत, तबेल्यांच्या मागे, पाड्यावर गेलो.
उतारावर लाल माठ, नुकता उपटलेला,
आणि दोघं जुड्या बांधत बसलेली
केळीच्या सोपटाने.

जमनी बरफ, वय दहा. मुळांची माती कोपरापर्यंत.
शेत कुणाचं?
बाप कसतो. कागद नाही.
असो. बापाचं म्हटलं की हे काम उरत नाही,
कायदा त्याला मदत म्हणतो,
शाळा सुटल्यावर, किंवा सुट्टीत.
शाळा सुटली का गं?
आज शनिवार साहेब, सकाळची असते.
बरोबर होतं. मीच विसरलो होतो.

आणि हा?
धाकलू. तेवढाच. तीच माती.
जुड्या मात्र हिच्यापेक्षा भरदार.
तुझा कोण?
भाऊ.
सख्खा?
ती हसली. पाड्यात सगळे भाऊच.

माझ्याजवळ कुटुंब मोजून दिलेलं आहे :
आई, बाप, भाऊ, बहीण,
काका, आत्या, मामा, मावशी.
शेजारी त्यात बसत नाही.
म्हणजे एकाच वाफ्यात
हिची जुडी मदत,
याची गुन्हा.

घाटकोपरला माझ्या बापाची पिठाची गिरणी होती.
मीही मदतच करायचो.
अजून कधी कधी खोकताना
घशाला ज्वारी लागते.

पेनाचं टोपण काढून विचारलं,
धाकलू, हिचा बाप तुझा कोण लागतो?
त्याने गाठ मारली,
उरलेलं सोपट दाताने तोडलं,
म्हणाला,
तुम्ही लिहाल तो.